चकचकीत बाजूवरची सरस्वती

"ह्या मॅडम मुक्या हायेत का गं?"

खिडकीबाहेर चपला काढता काढता एका मुलीने दुसरीला विचारलं. दुसरी म्हणाली, "न्हाई गं. इंग्रजीत शिकल्यात, म्हणून गप ऱ्हात्यात." मी आत संगणकावरचं कापड काढत होते. ऐकू आलं नाही असं दाखवण्यासाठी त्या कापडाची घडी दोनदा मोडून पुन्हा घातली.

दुसरीचं बरोबर होतं. बीडमध्ये वडिलांचं भांड्यांचं दुकान, घरी सगळे मराठीच बोलणारे, पण मला औरंगाबादला मावशीकडे ठेवून इंग्रजी माध्यमात शिकवलं. त्यामुळे भूमिती माझ्या डोक्यात होती ती इंग्रजीतून. कर्ण, शिरोबिंदू, लघुकोन हे शब्द मी मुलींच्या वह्यांतून चोरून वाचून शिकत होते. वर्गात चुकीचा शब्द तोंडून गेला आणि कुणी हसलं तर, या भीतीने मी कमीत कमी बोलायचे.

बीडमध्ये तेव्हा गल्लोगल्ली संगणक क्लासच्या पाट्या लागत होत्या. त्यातलाच एक कोर्स करून मला चौसाळ्याच्या अलीकडच्या एका गावात, एका शिक्षणसंस्थेच्या शाळेत तात्पुरती नोकरी मिळाली. शाळेत संगणक एकच. तोही मुख्याध्यापक सरांनी गावच्या एका माजी विद्यार्थ्याला वर्षभर पत्रं लिहून मिळवलेला. सर स्वतः टेम्पोत त्याच्या खोक्यावर हात ठेवून बसून आले होते, असं सगळे सांगायचे.

त्यावर शिकवायचं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. बीडच्या बसस्टँडवरच्या स्टॉलवर मी एक संगणकाचं मासिक घेतलं, त्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात एक सीडी चिकटवलेली होती. त्या सीडीत भूमितीचं एक सॉफ्टवेअर सापडलं. फुकट. कुणीही वापरावं, कॉपी करून कुणालाही द्यावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. आमच्या संगणकात जागा एवढी कमी, की ते सीडी आत ठेवूनच चालवावं लागे.

सरांनी पहिल्या दिवशी ती सीडी कडांना धरून उजेडात पाहिली. वरची इंग्रजी अक्षरं वाचली आणि बाहेरच्या देशातली का, असं विचारलं. मी मान हलवली. मग म्हणाले, महाग असेल. त्यावर मी काहीच बोलले नाही. लाजाळू माणसाच्या गप्प बसण्याचा लोक आपापल्या सोयीने अर्थ लावतात, आणि मलाही तो अर्थ आवडला होता, हे आज लपवण्यात अर्थ नाही. फुकट म्हटलं असतं तर संगणक स्टाफरूममध्ये पत्ते खेळायला गेला असता, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या आठवड्यात सीडीसाठी कुलपाचं कपाट आलं. शिक्षक मला आधी नमस्कार करू लागले.

किल्ली शिपाईमामांकडे असायची. गावात सकाळी साडेनऊला वीज जायची ती दुपारीच यायची, म्हणून संगणकाचा तास शाळा भरण्याआधी, साडेसातला. एवढ्या सकाळी नववीच्या मुलींना घरचे पाठवायचे ते मामा दारात बसलेले असतात म्हणून. मामांच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात खाकी सदरा. पहिल्या एसटीने मी येईपर्यंत त्यांनी खोली झाडलेली असायची; मग मुली येतील तशा मामा त्यांना ओळीत बसवत.

तासाला मी फारसं बोलत नसे, पण बोलण्याची गरजही पडत नव्हती. पडद्यावर एक त्रिकोण काढायचा, माउसने त्याचं एक टोक ओढायचं. त्रिकोण लांबतो, वाकडा होतो, शेजारचे तीन कोनांचे आकडे भराभर बदलतात, खालची बेरीज मात्र हलत नाही. तीन कोनांची बेरीज एकशे ऐंशी, हे पुस्तकातलं वाक्य मुलींना सहावीपासून पाठ होतं. त्यावर त्यांचा विश्वास नव्हता, एवढंच.

मी मुकी आहे का असं विचारणारीच मुलगी एकदा माउस धरून बसली. तिने टोक ओढत ओढत त्रिकोणाची जवळजवळ रेघ केली आणि म्हणाली, आता कशी होते बघते एकशे ऐंशी. आकडे एकशे शहात्तर, तीन, एक असे झाले. बेरीज तीच. तिने टोक वर नेलं, खाली नेलं, पार कोपऱ्यात नेलं. मागच्या मुली हसायला लागल्या. दारातून मामा म्हणाले, "सोड आता त्याला पोरी, न्हाई ऐकायचा त्यो." तिने माउस सोडला आणि वहीत काही न लिहिता नुसती पडद्याकडे बघत बसली. त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसून मी पहिल्यांदा मनातल्या मनात मराठीत धडा घोकला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शाळेतल्या सगळ्या वस्तूंची पूजा व्हायची. घंटा, प्रयोगशाळेतला तराजू, ऑफिसातला टाइपरायटर, बोअरचा पंप. मी त्या दिवशी बीडलाच होते, दुकानात तराजूंना फुलं वाहत.

सुटीनंतर संगणक सुरू केला तर आतून दळण दळल्यासारखा आवाज आला. ट्रे उघडला. त्यात अक्षतांचे चार दाणे होते, आणि सीडीवर काहीतरी लाल. काढून पाहिलं. चकचकीत बाजूवर ओल्या कुंकवाने सरस्वती काढलेली होती, मुलं पाटीवर काढतात तशी, एकाच्या आकड्यांची. कुंकू वाळून घट्ट झालं होतं, आणि फिरताना दाण्यांनी त्यावर गोल ओरखडे ओढले होते.

मामांनी लगेच सांगितलं, मीच काढली. एका बाजूला छापील चित्र न् अक्षरं होती, दुसरी बाजू कोरी, आरशासारखी. छापलेल्यावर कशी काढणार, म्हणून कोऱ्या बाजूवर काढली, अक्षता वाहिल्या न् तुम्ही ठेवता तशी आत ठेवून दिली. सांगताना त्यांच्या आवाजात अजून कौतुकच होतं. माझा चेहरा पाहिल्यावर ते थांबले. मग फळा पुसायचं डस्टर घेऊन त्यांनी ती पुसायला घेतली आणि उरलीसुरलीही गेली.

मुली आल्या, दारातूनच परत फिरल्या. दुपारी मला आणि मामांना ऑफिसात बोलावणं आलं.

सर रागावलेले होते, पण त्यांचा राग मला परका वाटला नाही. पुढच्या महिन्यात संगणक देणारा माजी विद्यार्थी तास बघायला यायचा होता. सरांनी संस्थेच्या बैठकीत सांगितलं होतं, बाहेरच्या देशातलं महागडं सॉफ्टवेअर आपल्या पोरी वापरतात. आता काय दाखवायचं? त्यांनी क्लार्कला कागद घ्यायला सांगितलं. संगणक ऑफिसात हलवायचा, किल्ली सरांकडे. मामांची बदली संस्थेच्या तलवाड्याच्या शाखेत.

तलवाडा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाने तिथे खोली घेऊन राहायचं. इकडे बायकोला दिसत नव्हतं, विहिरीवरून पाणी मामाच आणत. आणि दारात मामा नसले की साडेसातला मुली येणार नाहीत, हे ऑफिसातल्या सगळ्यांना कळत होतं.

सर म्हणाले, "मामा, तुम्हाला हात लावायला कुणी सांगितलं होतं? काहून केलं असं?"

मामा टोपी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "सर, कपाटात कुलपात ठेवत्यात मॅडम तिला. शाळंतली सगळ्यात मोलाची चीज. म्हणलं, घंटीला फूल वाहायचं न् तिला न्हाई, ते कसं दिसंल?"

क्लार्क खाली मान घालून हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मजकूर सांगायला सुरुवात केली, शाळेच्या मौल्यवान साहित्याचे नुकसान केल्याबद्दल. मी भिंतीला टेकून उभी होते. मामांनी माझ्याकडे पाहिलं, तक्रार म्हणून नव्हे, माझी चीज मोडली म्हणून. मला सुरुवात कुठल्या शब्दाने करायची ते सुचेना. मौल्यवान हा शब्द क्लार्कने कागदावर लिहिलेला मला उलटा दिसत होता, आणि तो माझ्याच गप्प बसण्यातून तिथवर आला होता.

"सर, लिहू नका," मी म्हणाले. आवाज एवढा बारीक आला, की क्लार्कने मान वर केली. "ती सीडी फुकटची आहे. मासिकाबरोबर आली होती. तिची कॉपी करायलाही परवानगी आहे, मी करून ठेवली नाही, कारण मग ती फुकटची आहे हे सांगावं लागलं असतं. तुम्ही महाग म्हणालात आणि मी गप्प बसले. चूक माझी आहे, मामांना इथंच राहू द्या."