आबांचा पाचवा पेरू

आबांना चार हा आकडा मान्य नव्हता. एकराच्या, बैलांच्या हिशेबात चालायचा. फळ देताना मात्र नाही. आणि माझी सगळी नोकरी त्या चारावर उभी! मी लासुर्ण्याच्या संकलन केंद्रावर होतो. आबांसारख्या आसपासच्या लहान बागायतदारांच्या गटाचा पेरू शहरातल्या मोठ्या दुकानांना पाठवायचा. शेतावरच एका ट्रेमध्ये चार पेरू भरायचे, वर पारदर्शक फिल्म लावायची, की माल गाडीत. एवढं सोपं काम, त्यात आबा पाचवा कोंबायचे.

“आबा, ट्रेला खळगेच चार आहेत!”

“खळगं कंपनीनं पाडल्यात, आमी न्हाय. ओटीत चार फळं घालत्यात व्हय?”

“ही ओटी नाही, विक्री आहे.”

“घेणारी बाईच हाय न्हवं?”

पाचवा वरून दाबला की खालचे चार डागाळायचे, फिल्म फाटायची आणि शहरातल्या गोदामातून मला बोलणी बसायची. मी हात जोडले, ओरडलो, शेवटी स्वतः त्यांच्या बागेत पॅकिंगला जाऊन बसलो. आबा म्हणाले, “सायेब, च्या घ्या आधी.” मी चहा पिईपर्यंत निम्म्या ट्रेंवर पाचवा चढलेला.

एके दिवशी अख्खी गाडीच परत आली. माल सगळ्या गटाचा, डागी ट्रे एकट्या आबांचे. वरून निरोप आला, पुन्हा असं झालं तर केंद्र बंद. म्हणजे गटातल्या सगळ्यांची घरं पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात. मी तणतणत आबांकडे गेलो आणि हे सगळं त्यांना ऐकवलं.

“मंजी माज्यापायी समद्यांचं थांबनार?”

“हो!”

“मग मला वगळा.”

चार भरतो म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही. दुसऱ्या दिवसापासून ते इंदापूर रस्त्याला पेरूंची पाटी घेऊन विकायला बसले. केंद्र वाचलं, ट्रे बिनचूक जायला लागले. मला मात्र सकाळी ओरडायला कुणी उरलं नाही, आणि खरं सांगतो, करमेना.

माझी बदली झाली त्या दिवशी आबा केंद्रावर आले. हातात ट्रे. चार खळग्यांत चार पेरू, फिल्मला एक सुरकुती नाही. म्हणजे येत होतं की यांना! मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पाचवा काढून माझ्या हातात ठेवला.

“ह्यो ट्रेत न्हाय. बगा तपासून.”

मी नेहमीसारखा आवाज चढवला. “आबा, गटात परत का येत नाही तुम्ही?”

“पाच खळग्यांचा ट्रे आणा, येतो.”

नव्या ठिकाणच्या पहिल्याच बैठकीत मी विचारलं, पाच खळग्यांचा ट्रे करून मिळेल का. मी आबांकडे जसा बघायचो, तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले.