पेट्रोल कुठं मुरत होतं

मल्लूआण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारून घेत होतो. त्यांचे शेजारी बोलत होते. "सर, आण्णा गेलं... चहा पिता पिता, बसल्या जागी." त्याला आता महिना होत आला. दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त संताप आहे. आणि त्यातला बराचसा माझ्यावरच.

आण्णा गडमुडशिंगी गावचे. आमच्या कॉलेजात गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरवर त्यांची उभी हयात गेली. मी तिथंच खेळाचा शिक्षक. मशीन जुनं, देणगीत आलेलं, पार्ट मिळायची मारामार. मी नवीन होतो तेव्हा ते दहा मिनिटं चालायचं आणि आचके देत बंद पडायचं. शहरातल्या मेकॅनिकनं पंप बदलायला सांगितलं. आण्णांनी पेट्रोलची नळी सोडवून तिची धार बाटलीत धरली. आधी जोरात, मग बारीक, मग नुसते थेंब. त्यांनी टाकीचं टोपण सैल केलं आणि धार पुन्हा सुरू झाली. टोपणाचं बारीक भोक मातीनं बुजलं होतं. "हवा आत गेल्याबिगर पेट्रोल खाली कसं यायचं सर? पंपाचा काय दोस हाय ह्यात? बघितल्याबिगर कुणाच्या माथी मारू नये."

बघितल्याशिवाय पंपालाही दोष न देणारा हा माणूस. आणि दोन वर्षांपूर्वी पेट्रोल जास्त लागायला लागलं, तेव्हा आमच्या संस्थेच्या सचिवांनी भर बैठकीत त्यांना उभं करून विचारलं, "काय आण्णा, पेट्रोलला पाय फुटल्यात व्हय?" लोक हसले. आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी समोरचे कागद चाळत बसलो... त्याच दिवशी पेट्रोलच्या कॅनला कुलूप लागलं आणि किल्ली क्लार्ककडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी मला शेडमध्ये बोलावलं. इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढून माझ्या नाकापुढं धरली. ऑइल खुणेच्या कितीतरी वर, पाण्यासारखं पातळ, आणि त्याला पेट्रोलचा वास.

"ऑइल कधी आपणहून वाढतंय व्हय सर?"

त्यांनी कार्बोरेटर उघडला. आतली पेट्रोल अडवणारी सुई झिजली होती. मशीन उभं असलं की टाकीतलं पेट्रोल ठिबकत ठिबकत इंजिनात उतरत होतं. आण्णांनी ते ऑइल डब्यात काढलं आणि डबा घेऊन थेट सचिवांची केबिन गाठली. मी दारात उभा होतो. सगळं ऐकून घेऊन सचिव एवढंच म्हणाले, "बरं, दुरुस्त करून घ्या. आणि तो डबा बाहेर न्या, वास मारतोय."

बस्स. सुई बदलली, पेट्रोल पुन्हा पूर्वीइतकंच लागू लागलं, पण कुलूप तसंच राहिलं. रोज सकाळी साठीचा माणूस क्लार्कच्या टेबलापुढं किल्लीसाठी उभा. मी रोज बघत होतो. एकदाही बोललो नाही.

परवा शोकसभेत तेच सचिव म्हणाले, "आण्णांसारखा प्रामाणिक माणूस होणे नाही." माझं डोकंच फिरलं. मी उठलो आणि कुलूप, डबा, माझं गप्प बसणं, सगळं सांगून टाकलं. सचिव म्हणाले, "सर, ही ती वेळ नव्हे."

"मग कधी होती?" मी विचारलं. संध्याकाळी कॅनचं कुलूप निघालं. आता काढून काय उपयोग!

काल मी आण्णांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोला, पार्वतीअक्कांना, सभेतलं सगळं सांगितलं, माझ्या गप्प बसण्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. मला बाहेर पडवीत घेऊन गेल्या. तिथं खुंटीवर आण्णांचा कामाचा खाकी शर्ट लटकत होता.

"त्या बैठकीपास्नं ह्यो शर्ट घरात आणला न्हाय त्यांनी," अक्का म्हणाल्या. "हितंच काढायचे, सोड्यानं हात घासायचे, मगच उंबरा वलांडायचे. म्हणायचे, घरात पेट्रोलचा वास आला तर लोकास्नी चोरी खरीच वाटंल की."

अक्कांनी तो अजून धुतलेला नाही. वारं सुटलं होतं आणि शर्ट हलत होता. वास येत होता...