कपिलच्या आरशावरचं प्लास्टिक

आमच्या शेजारच्या कपिलला यंदा अडतिसावं लागलं. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात बिनलग्नाची पोरं सत्तावीस. त्यात वडीलकीचा मान त्याचा.

पोरात खोट नाही. अकरा एकर शेती, विहिरीला पाणी, दारू नाही, तंबाखू-सुपारीचा खर्रा नाही. पहिल्या स्थळाने घर मातीचं म्हटलं, त्याने स्लॅब टाकला. दुसऱ्याने संडास अंगणात म्हटला, त्याने खोलीला लागून बांधला, गुलाबी टाइल्स लावून. तिसऱ्याला नोकरीवाला पाहिजे होता. नोकरी काही सिमेंट-रेतीतून बनत नाही.

त्या खोलीत ड्रेसिंग टेबल आणून ठेवलंय. आरशावरचं प्लास्टिक सहा वर्षं तसंच. त्याची माय मैनाबाई म्हणते, "नवरी आपल्या हातानं काढीन." तोवर खोलीत तुरीची पोती आणि कपिल बाहेर ओसरीत.

मागच्या रविवारी ढाणकीहून पाहुणे येणार होते. आमच्याकडची रीत अशी, की मुलीकडचे आधी शेजारी चौकशी करतात, मग मुलाच्या घरी पोहे खातात. म्हणून मैनाबाई सकाळीच माझ्या दारात.

"भाऊजी, हे पंधरावं स्थळ हाय. जपून बोलजा. मस्करी करसान त पाहा!"

"वहिनी, असा चढवतो की पाहुणे नारळ घेऊनच बसतीन."

अकरा वाजता मुलीचे वडील भगवानराव साळ्याला घेऊन आले. माझ्या खुर्चीत बसले. मी सुरू झालो. पोरगा कसा सालस, मायचे पाय कसा दाबतो, भाकरीही कशी गोल थापतो. भगवानराव खुलले. त्यांनी दुसरा चहाही घेतला. मी मनात वरातीत नाचू लागलो होतो.

एवढ्यात त्यांची नजर भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोवर गेली.

"हे कोन?"

"माही पोरगी, निकिता."

"कोठी देल्ली?"

"पुण्याले. जावई कंपनीत हायेत."

"किती वर्सं झाले?"

"सात."

भगवानरावांनी कप खाली ठेवला. "म्हंजे हा हिरा तवाही बाजूलेच होता. मंग तुमी काहून नाही देल्ली?"

"आमी गावातल्या गावात सोयरिक करत नाही," मी म्हणालो.

दारात उभ्या माझ्या बायकोला, नंदाबाईला ठसका लागला. तिचं माहेर याच गावात, मारुतीच्या देवळामागे. भगवानरावांच्या साळ्याला मघाशी तिच्या भावानेच आमचा पत्ता सांगितला होता.

"मीबी शेतकरीच हाओ, भाऊ," भगवानराव हळूच म्हणाले. "म्हणूनच इचारून राह्यलो."

खरं सांगायचं तर मैनाबाईने तेव्हा निकितासाठी शब्द टाकला होता. मी म्हणालो होतो, पोरगी शिकून राह्यली. सहा महिन्यांत पुण्याचं स्थळ आलं आणि तिचं शिकणं संपलं. लग्नाचा मांडव कपिलनेच टाकला, पंगतीत मठ्ठाही त्यानेच वाढला.

पाहुण्यांनी शेजारी जाऊन पोहे खाल्ले, चवीचं कौतुक केलं, कळवतो म्हणाले आणि गाडीत बसले. कळवतो म्हणजे काय ते पंधराव्या खेपेला मैनाबाईला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुपारी कपिल उरलेल्या पोह्यांचा डबा घेऊन आला.

"काका, सगळं बराबर बोलले तुमी. पन फोटो काढून ठेवायचा राह्यला."

"चुकलं रे बाप्पा."

"सात वर्सांआधी चुकलं का आज?"

मी पोहे खाऊ लागलो. तोंड भरलेलं असलं की बरं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारून टर्र असा आवाज आला. मी भिंतीवरून डोकावलो. तुरीची पोती ओसरीत आली होती, कपिलची खाट खोलीत गेली होती आणि गडी गालाला साबण फासून त्या आरशासमोर दाढी करत होता. मैनाबाई फाडलेल्या प्लास्टिकची घडी घालत होती. "अवो भाऊजी, यानंच काढलं," एवढंच म्हणाली.

"काय कपिल, आता पाहुणे बंद का?"

"बंद कायले? येऊ द्या. पन खोली माही हाय, मी राह्यतो." त्याने वस्तरा धुतला. "आन चौकशीले त्यायले रामधनकाकाच्या घरी पाठवजा. त्यायच्या घरी पोरगी नाही, दोन्ही पोरंच हायेत."

"अरे, दोघंही बिनलग्नाचे! रामधन आपल्याच पोराचं जमवून घेईन!"

"घेऊ द्या न," आरशातूनच माझ्याकडे पाहत तो म्हणाला. "मांडव टाकायले मी हाओच."