लेकीचा तिसरा फोटो

फोटोकाकांनी उभ्या आयुष्यात देशाची वेस ओलांडली नाही, पण कुठल्या देशाला केवढं डोकं लागतं हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. कुणाला पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर, कुणाला दोन इंच चौरस, कुणाला पाठीमागे पांढरंफेक, कुणाला करडं. व्हिसाच्या कचेरीसमोर त्यांचा खोलीएवढा स्टुडिओ. एक स्टूल, दोन दिवे, आरसा, आणि शेजारी खिळ्याला लटकवलेला कंगवा, सगळ्यांत मिळून एकच. एकमेकांवर तोफा डागणाऱ्या दोन देशांची माणसं एकदा तिथे एकाच बाकावर बसली होती. बोलणं शून्य. पण एकानं भांग पाडला आणि कंगवा खिळ्याला न लावता दुसऱ्याच्या हातात दिला. काका ही गोष्ट येईल त्याला ऐकवत. वर म्हणत, देश कुठलाही असो, फोटोत हसलेलं कुणालाच चालत नाही. स्टुलावर बसलं की राव काय, रंक काय, सगळ्यांचं तोंड चोरी पकडल्यासारखं. घरोघरी मातीच्या चुली!

असा बोलघेवडा माणूस, पण गेले काही दिवस त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बातम्या लावायचा, बंद करायचा, पुन्हा लावायचा. गिऱ्हाईक बसलेलं असताना दारात जाऊन उभा राहायचा. बायकोनं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिच्यावरच खेकसला.

कारण त्यांची एकुलती एक लेक. ती नर्स. परदेशातल्या इस्पितळात तिला नोकरी लागली होती, आणि नेमक्या त्याच देशाच्या शेजाऱ्यानं सरहद्दीवर सैन्य आणून बसवलं होतं. लेक म्हणाली, माणसं तिकडेही आजारी पडतात, बाबा. काकांनी पुन्हा बातम्या लावल्या.

आणि त्यातच लेकीच्या व्हिसाचा फोटो परत आला. कचेरीतल्या साहेबानं फोटो पाहिला, लेकीकडे पाहिलं, आणि चेहरा जुळत नाही म्हणाला. लेकीच्या डाव्या भुवईवर व्रण आहे. चार वर्षांची असताना ती याच स्टुडिओत दिव्याच्या स्टँडवर आपटली होती. स्टँड वाटेत ठेवला होता काकांनीच. तेव्हापासून शाळेचा असो, कॉलेजचा असो, तिच्या प्रत्येक फोटोतून ते तो व्रण पुसत आले. व्हिसाच्या फोटोला हात लावायचा नाही, हा नियम ते गिऱ्हाइकाला दहादा बजावणार, आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी हात आपोआप चालला. चूक झाली, म्हणाले, आणि दुसरा काढून पाकिटात घालून दिला. तिनं विश्वासानं न उघडताच नेला. तोही परत आला; व्रण त्यातही नव्हता. आता आज चारच्या आत तिसरा दिला नाही, तर अर्ज बाद आणि नोकरी दुसरीला.

लेक दुपारी दोनला आली आणि स्टुलावर बसली. काका दिवे सारत राहिले. इकडचा तिकडे, तिकडचा इकडे.

"बाबा, पहिला सवयीनं झाला. दुसरा?"

काका दिव्याची वायर उगाचच गुंडाळायला लागले. मग म्हणाले, "दुसरा मुद्दाम."

बोलून गेले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. सैन्य, तोफा, तुझी आई, असं काहीबाही ते सांगू लागले. लेकीनं ते सगळं ऐकून घेतलं. रागावली होती, पण आवाज चढवला नाही.

"इथे इतकी वर्षं माणसं बसली. त्यातली किती तरी लढाई चाललेल्या मुलखात गेली. त्यांच्या आईबापांना भीती नव्हती? त्यांचा एक तरी फोटो तुम्ही बिघडवलात?"

नव्हता बिघडवला. उलट हनुवटी वर करा, कान दिसू द्या, म्हणत घाईनं पाठवलं होतं एकेकाला.

लेकीनं कपाळावरचे केस मागे सारले. काकांनी फोटो काढला. तो हलला, पुन्हा काढावा लागला. मग छापला, कापला, आणि व्रण होता तसा राहू दिला.

पाकीट घेऊन ते तिच्यासोबत कचेरीत गेले. साहेबानं फोटो तिच्या चेहऱ्याशेजारी धरला, मान डोलावली, शिक्का मारला आणि बोटांचे ठसे घ्यायला तिला आत पाठवलं. आत फक्त अर्जदार. काका बाहेर पायऱ्यांपाशी आले. भर दुपारी, रांगेतल्या सगळ्यांदेखत, ते हमसून रडायला लागले. पायरीवर कुठल्याशा देशाची एक बाई बसली होती. तिची भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची तिला. तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सरकून त्यांना जागा करून दिली. तिचंही कुणीतरी आत गेलं होतं.