आवणीच्या बायांनी सोडवलेली गोष्ट

टी.वाय.ची सगळ्यात हुशार पोरगी स्पेशल इंग्रजी सोडायचा अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशी उभी होती.

"भूगोल घेते, मॅडम."

"का गं? अवघड जातंय?"

"न्हाई ओ. तुमच्या नोट्स पाठ केल्या की झालं. त्यात काय?"

लागलं मला. मी राजुरीची, आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ती पदवी मी नोट्स पाठ करूनच मिळवली. आता घोडेगावच्या कॉलेजात पोरांना तेच देत होते. आणि ही हुशार, म्हणून हिला बक्षीस काय, तर त्याच नोट्स फळ्यापाशी उभं राहून बाकीच्यांना वाचून दाखवायच्या!

अर्जाला सोमवारपर्यंत मुदत होती. मी तिला चार पानांची एक इंग्रजी गोष्ट दिली. नवरा परगावी असताना एक बाई घरातली एकुलती एक गाय शेजारणीला देऊन टाकते. का, ते लेखक सांगतच नाही.

म्हटलं, "याच्या नोट्स माझ्याकडं नाहीत. उत्तर तूच शोध, इंग्रजीत लिही. नाही जमलं तर खुशाल भूगोल घे."

सोमवारी ती डोंगरातून पहिल्या एसटीनं आली. घरी भाताची आवणी चालली होती. चिखलात वाकून रोपं लावता लावता तिनं गोष्ट बायांना मराठीत सांगितली होती, आणि बांधावर भाकरी खाताना त्यांची जी जुंपली, ती सगळी इंग्रजीत उतरवली होती. सात पानं! वाक्यं अडखळत होती, पण प्रत्येक बाई वेगळी ऐकू येत होती. कुणी म्हणे गाय आटली असंल, कुणी म्हणे नवऱ्यावरचा राग. शेवटी तिची चुलती बोलली होती. ते मात्र तिनं मला तोंडानंच सांगितलं, चुलतीच्याच ठसक्यात:

"लई येड्या तुमी. गाय दिली न्हाई तिनं, जायची तयारी केली. दावणीला जनावर ठिवून बाईचा पाय घरातनं निघतो व्हय?"

ही गोष्ट मी कितीदा वाचली असेल. मला हे कधी दिसलं नव्हतं.

मग विचारलं, "अर्जाचं काय?"

"ऱ्हाऊ द्या, मॅडम. आधी दुसरी गोष्ट द्या. वरच्या खाचरांची आवणी बाकी हाये. चुलती म्हणली, मोकळ्या हातानं येऊ नको."

मी कपाट उघडलं. जिचं उत्तर मला येत नाही, अशी गोष्ट शोधायला जरा वेळ लागला.