आधी नळ, मग किल्ली

मास्तरांना सासरे भेटले ते पाण्याच्या लोटातून. मास्तर शाळेत भूगोल शिकवत. सातही समुद्र त्यांनी खडूने पार केले होते. मुलीला मागणी घालायला ते नव्या कोऱ्या शर्टात बोटीतून धक्क्यावर उतरले, तर समोर टोपीपासून बुटांपर्यंत निथळणारा एक राक्षस नळी रोखून उभा. "खारं लागलंय तुम्हाला," असं म्हणून त्याने नमस्काराला जोडलेल्या हातांसकट मास्तरांना धुऊन काढलं. शर्टाचा रंगच काय, मनातलं पापही त्या दिवशी वाहून गेलं, असं मास्तर शपथेवर सांगत.

समुद्रावरून आलेल्या बोटींची इंजिनं गोड्या पाण्याने धुण्यात सासऱ्यांची हयात गेली. धक्का त्यांना 'गोडंपाणी' म्हणे. मिठाला ते माणसासारख्या शिव्या घालत. घरातली मिठाची बरणीसुद्धा लोखंडी कपाटापासून चार हात लांब.

एकदा त्यांचं मनगट मुरगळलं आणि घरच्या बोटीचं इंजिन धुवायचं काम जावयावर आलं.

"मास्तर, सोपं आहे. हे रबरी कान इंजिनाच्या पायाला, पाणी ओढायच्या भोकांवर लावायचे, कानाला नळी. आधी नळ, मग किल्ली. आत इंजिन गार ठेवायला पाणी ओढणारं रबरी चाक आहे. कोरडं फिरलं की जळलंच."

मास्तरांनी कान लावले, नळी जोडली आणि किल्ली फिरवली. इंजिन असं गरजलं की त्यांची छाती फुगली. जळक्या रबराचा वास आला तेव्हा त्यांना नळ आठवला. धावत जाऊन सोडला. चाकाने ओढलेल्या पाण्याची धार बाजूच्या भोकातून आली, मास्तरांच्या जिवात जीव आला.

"आधी नळ?" सासऱ्यांनी घरात विचारलं.

"हो, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे त्याच बोटीने लेकीला खाडीच्या पलीकडच्या काठावर दवाखान्यात घेऊन निघाले. तिला सहावा महिना होता. मास्तर निरोप द्यायला धक्क्यावर उभे होते. इंजिन सुरू झालं. बाजूची धार काल बोटाएवढी होती, आज सुतासारखी. मास्तरांनी तोंड उघडलं. बायको म्हणाली, "अहो, असे काय बघताय? मी काय परदेशी चाललेय?" आणि बोट गेली.

मग वारा सुटला. इंजिन मध्येच बंद पडलं तर बोट प्रवाहाच्या हवाली. खडकांकडे वाहणारा प्रवाह त्यांनी दरवर्षी मुलांकडून नकाशावर निळ्या बाणाने काढून घेतला होता. आज तो बाण त्यांच्या बायकोच्या दिशेने निघाला होता. खरं सांगावं तर सासऱ्यांसमोर तोंड काळं होणार. न सांगावं तर... पुढचा विचार करवेना. घामेजल्या बोटांनी त्यांनी तीनदा चुकीचा नंबर लावला.

"बाबा, मी आधी किल्ली फिरवली होती."



"किती वेळ?"

"मिनिटभर. जास्तही असेल. वास आला होता."

"गाढवा!" लग्नानंतर प्रथमच अहोजाहो सुटलं. "धार बघ गं, पोरी... बंद पडलीय? करतो इंजिन बंद. नांगर टाक. मास्तर, फेरीबोटवाल्याला पाठवा. पळा!"

मास्तर पळाले. चप्पल कुठे गेली कळलं नाही. फेरीबोट निघाली, लाटांआड दिसेनाशी झाली. मास्तर धक्क्यावरचा लोखंडी खुंट दोन्ही हातांनी धरून बसले आणि प्रत्येक पांढऱ्या फेसात त्यांना बायकोची ओढणी दिसू लागली. नांगर सुटला तर? दोर तुटला तर? ती बोटीत उठून उभी राहिली तर? कुणीतरी चहा आणून दिला. पेला हातात होता तसाच गार झाला.

पावणेदोन तासांनी फेरीबोट आली. मागे दोराने बांधलेली बोट, बोटीत ओकून पिवळी पडलेली बायको आणि नांगराचा दोर गुंडाळत बसलेले सासरे.

संध्याकाळी इंजिन उघडलं. रबरी चाकाची दोन पाती तुटली होती. नवं चाक बसवायला वीस मिनिटं लागली.