दवबिंदूची तीन रोपं

दोन कुंड्यांतली रोपं काळी पडून आडवी झाली होती आणि नात चार दिवसांत परत येणार होती. चिकट पानांवर चिलटं पकडून खाणारी ही दवबिंदूची रोपं तिनं महिनाभरासाठी माझ्यावर सोपवली होती.

माझा संशय सुनेवर होता. देवघराशेजारी मांस खाणारं झाड नको, असं ती पहिल्यापासून म्हणायची. शिवाय तिसरी कुंडी तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीत नेली होती आणि तेवढीच टवटवीत होती. मी मेलेल्या रोपांची माती हुंगली. फिनेलचा वास आला नाही, तरी विचारलंच.

"यांत काय ओतलंस? फिनेल?"

"मी? पाणी तुम्हीच घालता. कुठलं घालता?"

"फिल्टरचं. तुझ्या लेकीनं सांगितलंय."

"प्यायचं की बादलीतलं?"

फिल्टरमधून वाया जाणारं पाणी आम्ही बादलीत धरतो आणि त्यानं फरशी पुसतो. आमच्या राजाजीनगरात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची आणि प्यायचं पाणी कुंडीत ओतायचं, हे मला पटलं नव्हतं. मी बादलीतलंच घालत होते.

"सगळा क्षार त्यातच उतरतो, आई! स्वतः मारलीत आणि फिनेल माझ्या हातात शोधताय?"

"तू काय घालतेस?"

"प्यायचं. केळ्यांवरची चिलटं खातं बिचारं, स्वल्प पाणी दिलं तर काय बिघडलं?"

तरी मी खिडकीतली कुंडी उचलून खालून तपासली. काही सापडलं नाही.

नात आली तेव्हा माझी दोन्ही रोपं मेलेली होती. सुनेचं एक जगलं.